वाफ्याला वळसा

साळूबाईंचा सारा जन्म सायखेड्याकडच्या झेंडूच्या मळ्यात गेला. गुडघे गेले तेव्हा लेकाने मळा वाट्याने देऊन त्यांना गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आणलं. तिथे सगळं होतं, फक्त पायाशी कुत्रं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांना जेवण गोड लागेना.

शेवटी सून शुभांगी त्यांना बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात घेऊन गेली. लॅब्रॅडोर बरा की गावठी, हे तिने गाडीत पार द्वारका चौकापर्यंत ऐकवलं. साळूबाईंना जातीशी काय करायचंय? त्या अंगणातल्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सोडा समद्यांना."

अंगणाच्या मधोमध सदाफुलीचा वाफा होता. लॅब्रॅडोर त्यातूनच धावत आला आणि त्यांचे हात चाटू लागला.

"लय गुणाचा हाय, पण फुलं तुडवतो," म्हणत त्यांनी त्याला बाजूला सारलं. मळ्यात पिल्लू ठेवायचं की नाही, ते वाफ्यावरूनच ठरायचं.

सगळ्यांमागून एक कानफाटी काळी कुत्री आली, ती वाफ्याला वळसा घालून.

"हीच," साळूबाई म्हणाल्या.

"अहो आई, चौथ्या मजल्यावर कुठला आलाय वाफा?" शुभांगी हसली.

साळूबाईंनी कुत्रीचा ओला पंजा उचलून नाकाशी धरला. मातीचा वास होता.

"नाय ते ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "पण वाफा काय असतो ते ठाऊक असलेलं कुणीतरी घरात असू दे."