उद्घाटनासाठी उसना कचरा

घराघरातून सुका कचरा वेगळा गोळा करणं आता पालिकेला कायद्याने बंधनकारक आहे. कायदा चांगलाच आहे. फक्त तो करणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली, की घरात सुका कचरा असतो. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीत तो नव्हता. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याची, बाटल्या भंगारवाल्याच्या, आइस्क्रीमच्या डब्यांत डाळी आणि मिठाईच्या खोक्यांत जुनी औषधं. फेकण्याजोगे उरत ते सोसायटीचे ठराव.

ही अडचण सेक्रेटरींच्या लक्षात आली ती ऐन उद्घाटनाच्या सकाळी. नवी घंटागाडी गेटवर उभी, उद्घाटन करणारे पालिकेचे साहेब वाटेत, आणि गाडीच्या निळ्या कप्प्यात टाकायला काहीच नाही. ओला कचरा मुबलक होता, पण साहेबांच्या हातात भेंडीची देठं देऊन फोटो कसा काढणार?

सेक्रेटरी दारोदार फिरले. आमच्याकडे आले तेव्हा त्यांची नजर बाल्कनीतल्या गठ्ठ्यावर पडली. आई दुधाच्या पिशव्या जपून कापते, धुते, ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवते. बारवी धरणाकडच्या एका वाडीवरची बाई पावसाआधी येऊन त्या नेते आणि त्यांत माती भरून रोपं लावते. ती दुसऱ्याच दिवशी येणार होती. वर्षभराच्या पिशव्या तिच्यासाठी बांधून ठेवलेल्या होत्या.

"काकू, फक्त फोटोपुरत्या द्या. लगेच आणून देतो."

"हा कचरा नाहीये."

"माहितीय हो. पण दिसायला एक नंबर आहे!"

"तिला शब्द दिलाय मी. गठ्ठा परत नाही मिळाला तर?"

"मी आहे ना!"

याच 'मी आहे ना'वर आमची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. तरी आईने गठ्ठा दिला.

साहेब आले. पर्यावरणावर बोलले, आपल्या पूर्वजांना रिसायकलिंग आधीच कसं ठाऊक होतं तेही बोलले. फोटोवाल्याने त्यांना गठ्ठा पुन्हा पुन्हा टाकायला लावला. टाळ्या झाल्या, साहेब गेले. मागोमाग गाडीही गेली, गठ्ठ्यासकट. सेक्रेटरी समोसे वाटत होते.

आई खाली उतरली. "स्कूटर काढा."

"काकू, उद्या रीतसर अर्ज करू. आता तो माल कायद्याने पालिकेचा..."

"सेक्रेटरी, स्कूटर."

त्यांच्या मागे आई बसली, मी रिक्षा केली. गाडी सापडली स्टेशनच्या अलीकडे, एका चाळीसमोर. निळा कप्पा रिकामा होता. आईचा चेहरा उतरला. मग तिला गाडीच्या बाजूला लटकवलेली गोणी दिसली. विकण्याजोगं जे जे येतं, ते गाडीवरची माणसं गोणीत वेगळं ठेवतात. पानंच्या पानं नियम लिहून जे वर्गीकरण साधत नाही, ते एका गोणीत साधलेलं होतं. आपला गठ्ठा वरच आहे, हे आईने ओळखलं.

"माझा आहे तो."

"मावशी, इतका साफ माल कोण फेकतं?" गाडीवरचा माणूस म्हणाला. "साहेबाने सोडला, मी उचलला. गाडीत पडला म्हणजे आमचा. बदल्यात काय देता?"

आईने सेक्रेटरींकडे पाहिलं. "यांच्या पलंगाखाली पेपर साठलेत. बायको रोज ओरडते."

"काकू, त्यांत माझे फोटो आहेत!"

"उद्याच्या पेपरात नवा येईलच की."

"चलेगा," गाडीवाला म्हणाला.

संध्याकाळी सेक्रेटरींनी पेपरांचे गठ्ठे स्वतः खाली आणून दिले. आमच्या इमारतीतून निघालेला तो पहिला खरा सुका कचरा. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीवरची बाई आली. तिने पिशव्या हातात घेतल्या, एक नाकाशी नेली.

"बाय, यंदा याला अत्तराचा वास कसा गं?"

"साहेबांचा हात लागलाय."

"मंग रोपाला काय व्हनार नाय ना?"

आईने जरा विचार केला.

"एकदा धुऊन घे," म्हणाली.