दुसऱ्या कपापाशी

शैलेंद्रला रेडिओवर कुणी खोकलेलं खपत नसे. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या कम्युनिटी रेडिओवर रविवारी अर्धा तास मराठी कार्यक्रम, पण स्वारीचा थाट असा, जणू दिल्लीहून बातम्या देतोय! कोविड आल्यापासून तो घरीच लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा आणि खोकला, अडखळणं, श्वाससुद्धा तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढायचा. कारण तिकडे मिरजेत बाबा इंटरनेटवर ऐकत. कार्यक्रम संपला की त्यांचा फोन यायचा, "आवाज स्वच्छ होता रे." बस्स, त्या एका वाक्यावर याचा आठवडा मजेत जायचा.

त्याच्यामागून नॉरीनचा कार्यक्रम असे. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, ऐंशीच्या घरातली ही बाई जुनी कंट्री गाणी लावायची. साथीत तिला बाहेर पडायची सोय नाही आणि कॉम्प्युटरचा तर गंधही नाही. म्हणून तिचा कार्यक्रमही शैलेंद्रच जोडून द्यायचा. आणि शेवटी दरवेळी तेच गाणं! बायको सोडून गेलेला माणूस सकाळी उठतो आणि सवयीने चहाचे दोन कप मांडतो. संपली गोष्ट.

"किती वर्षं हेच रडगाणं?" तो मेधाला, आपल्या बायकोला म्हणायचा. "आणि शेवटी बुवा चक्क बेसूर होतो!"

खरंच व्हायचा. पहिल्या दोन कडव्यांत 'दुसरा कप' नीट म्हणायचा, तिसऱ्यात त्याच शब्दावर त्याचा आवाज फुटायचा. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये स्वारीला राहवलं नाही. पहिल्या कडव्यातला स्वच्छ शब्द उचलला आणि तिसऱ्यात चिकटवला. कुणाच्या बापाला कळणार होतं?

कळलं! स्टेशनचा फोन वाजायचा थांबेना. एक ट्रकवाला तर म्हणे त्या एका शब्दासाठी दर रविवारी ट्रक बाजूला घेऊन उभा राहायचा. नॉरीन मात्र चिडली नाही.

"तू दार बुजवलंस, लव्ह," ती म्हणाली. "दोन कडवी तो सगळं आवरून धरतो. तिसऱ्यात सुटतं. आम्ही सगळे तिथूनच आत जातो."

शैलेंद्रने मूळ गाणं पुन्हा लावलं. आवाज फुटला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे, साधा चहाचा कप! त्यात एवढं आहे तरी काय? पण पन्नास वर्षं माणसं तिथे येऊन उभी राहत होती, न सांगता, न ठरवता. तो थक्क होऊन परत परत ऐकत राहिला. मेधा जेवायला हाका मारून दमली.

त्याच पंधरवड्यात बाबा गेले. कोविडनेच. विमानं बंद, अग्नी परक्याच कुणी दिला, याने तो फोनवर पाहिला. रडू आलं नाही. घशात काहीतरी अडकून बसलं, ते गिळवेना की ओकवेना. मेधाला त्याचीच धास्ती होती. त्या दिवसांत कार्यक्रमाच्या शेवटी श्रद्धांजली असे, लोकांच्या गावाकडच्या गेलेल्या माणसांची नावं. त्यात आता बाबांचंही आलं. ते त्यांना आवडेल असं, स्वच्छ म्हणायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

आणि नेमकं तेच जमेना. "मिरजेचे चंद्रहास आगाशे" म्हणायला जावं आणि आगाशेपर्यंत पोचायच्या आत आवाज फुटावा. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मग त्याला आठवलं, दिवाळीच्या कार्यक्रमात त्याने बाबांची ओळख करून दिली होती. तिथे हेच नाव खणखणीत होतं. त्याने ते उचलून आणून लावलं, ऐकलं. एक डाग नाही! पण त्या आवाजाला बाबा गेल्याचं ठाऊकच नव्हतं. शैलेंद्रने ते पुसून टाकलं आणि फुटलेलं होतं तसंच राहू दिलं.

रविवारी कार्यक्रम लागला आणि संपला. मिरजेहून फोन येणार नव्हता, तरी हात सवयीने फोनकडे गेलाच. आणि तो वाजला. नॉरीन. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं; आपल्या गाण्यांची वाट बघत ती नुसती ऐकत बसायची.

"शेवटचं ते नाव, लव्ह," ती म्हणाली. "कोण होतं तुझं?"

"माझे बाबा," शैलेंद्र म्हणाला, आणि घशातलं सगळं एकदम सुटलं. लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. मेधा धावत आली. नॉरीनचा कार्यक्रम सुरू झाला होता. तो संपेपर्यंत, पार दुसऱ्या कपापर्यंत, तिने फोन धरून ठेवला.