कॅमेऱ्याची उसनी जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याची माफी असावी. पण हे वाचणार तरी कोण?

डाळिंबाच्या शेडमध्ये मी झाडते. पट्ट्यावरून जाणाऱ्या फळांची प्रत ठरवायला वरचा कॅमेरा त्यांचे फोटो काढतो. तो रोज दुपारी बंद पडायचा. दुरुस्तीला शहरातून एक साहेब आले आणि चार दिवस डबीएवढ्या कॉम्प्युटरसमोर आकडे बघत बसले. मी धीर करून विचारलं, "काय झालंय त्याला?"

"ताई, हा प्रत्येक फोटोसाठी कॉम्प्युटरच्या मेमरीतली थोडी जागा उसनी घेतो आणि परतच करत नाही. दुपारपर्यंत सगळी जागा संपते. बंद करून चालू केला की सगळं विसरून पुन्हा सुरू."

"बरंय बाई त्याचं," मी म्हटलं. आमचे हे गेले, लेक सासरी गेली, तरी मी मनातलं त्यांचं एकही चित्र सोडलेलं नाही.

चहावाला रोखच घेतो आणि साहेबांकडे फक्त फोन, म्हणून चहाचे पैसे मीच द्यायची. "उद्या देतो, ताई," ते म्हणायचे. उद्या कुणीतरी बोलायला येणार, एवढ्यानेच मला बरं वाटायचं.

काल त्यांना चूक सापडली. प्रोग्रॅममध्ये जागा परत करायची एक ओळच लिहायची राहिली होती. संध्याकाळपर्यंत कॅमेरा थांबला नाही. साहेबांनी बॅग भरली आणि कुठून तरी सुटे आणून माझ्या हातावर ठेवले.

"एखादा चहा राहू द्या की," मी म्हटलं.

"छे, उधारी नको. मोजून घ्या."

मी मोजले. पूर्ण होते.