गरम पाण्याच्या गावात धम्मदीना

धम्मदीना महूजवळच्या राऊची. आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते, वडील सुगत एका शाळेत क्लार्क. तिने बी.कॉम. केलं आणि शहरात, पलासिया भागात जपानी भाषेचा क्लास लावला, कारण त्याच बिल्डिंगमधल्या बँकिंगच्या क्लासला जागा उरली नव्हती. चोविसाव्या वर्षी ती जपानमधल्या एका लहान गावी, सरायीत कामाला गेली. गावाचं नाव ती सहसा सांगत नाही. सांगितलं तरी कुणाच्या लक्षात राहत नाही.

गाव तळ्याच्या काठी होतं. पलीकडचा काठ कधी दिसायचा, कधी नाही. जमिनीतून उकळतं पाणी वर यायचं, रस्त्यावरच्या जाळ्यांतून वाफ निघायची आणि सगळीकडे उकडलेल्या अंड्यासारखा वास. शाळा बंद पडून नऊ वर्षं झाली होती. बस दिवसातून तीनदा. पाच सराया, एक पोस्ट आणि गावाचं सामाईक स्नानगृह. दुपारी बायका आपल्या बाजूला जायच्या, अंग स्वच्छ धुवायच्या आणि मग कपड्यांशिवाय एकाच हौदात, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहायच्या.

धम्मदीना तिथे गेली नाही. बिछाने घालणं, ताटं मांडणं, पाहुण्यांना बोटीची वेळ सांगणं, सगळं ती शिकली. अंघोळ मात्र खोलीलगतच्या मोरीत, बादलीने. सरायीच्या मालकीण हायाशीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी एकदा विचारलं, "पाणी फार गरम वाटतं का?"

"सवय नाही," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

लाज होतीच, पण तेवढंच नव्हतं. तिची आजी चंपा ज्या गावात वाढली, तिथल्या विहिरीला तिच्या घरच्यांनी हात लावायचा नव्हता. कुणी वरून ओतेल तोवर घागर घेऊन थांबायचं. धम्मदीनाने हे लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्यांच्या पाण्यात उतरायचं म्हटलं की तिचे पाय थांबायचे. त्या बायकांना यातलं काही ठाऊक नाही, हे तिला कळत होतं. तरी थांबायचे.

फेब्रुवारीत हायाशीबाई बर्फावरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. एका हाताने पाठ घासता येईना. धम्मदीना टी-शर्ट घालूनच त्यांच्याबरोबर स्नानगृहात गेली. त्यांना लाकडी पाटावर बसवून पाठ घासली, केस धुतले. त्या हौदात उतरल्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला हात हौदाच्या काठावर ठेवला आणि म्हणाल्या, "ओल्या कपड्यांत आजारी पडशील. ये आत."

ती थोडा वेळ उभी राहिली. मग कपडे टोपलीत ठेवले, अंग धुतलं आणि उतरली. आत आणखी तीन बायका होत्या. पोस्टातली बाई जराशी सरकली.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने हे आजीला सांगितलं.

"कुणी उठून गेलं काय गं?" चंपाने विचारलं.

"नाही आजी. एक सरकली, मला बसायला."

"मग?"

"मग काय, मुळ्याच्या लोणच्याचं बोलणं चालू होतं त्यांचं, तेच चालू राहिलं."

चंपाने फोन आणखी जवळ धरला. मग म्हणाली, "पाणी कितपत गरम असतं?"

"एकदम गरम. पहिले तर चटकाच बसतो."

त्यानंतर धम्मदीना रोज जाऊ लागली. मनगट बरं झालं तरी त्या दोघी बरोबरच जायच्या.

तिसऱ्या वर्षी हायाशीबाईंनी सराय बंद करायचं ठरवलं. लेकीने त्यांना शहरात बोलावलं होतं. शेवटच्या आठवड्यात दोघींनी बिछाने बांधले, कपबशा कागदात गुंडाळल्या. शेजारच्या सरायीने धम्मदीनाला काम देऊ केलं होतं. तिने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं. हायाशीबाई नसताना तिथे राहावंसं वाटलं नाही, इतकंच ती सांगते. निघताना त्या बस थांब्यापर्यंत आल्या. दोघींनी वाकून नमस्कार केला. रडलं कुणी नाही.

आता ती पलासियात जपानी शिकवते. वर्गात बहुतेक नर्सिंगच्या मुली असतात. पहिल्याच दिवशी ती त्यांना थंडीबद्दल, बसच्या वेळांबद्दल आणि अंघोळीच्या रिवाजाबद्दल सरळ सांगून टाकते. ऐकून दोन-चार जणी क्लास सोडतात. गेल्या वर्षी तिची विद्यार्थिनी संबोधी त्याच गावी कामाला गेली. आता तिथे दोनच सराया उरल्यात, असं ती कळवते.