प्रज्ञा डॉक्टरच्या सात तबकड्या

म्हैस अडली की प्रज्ञा डॉक्टर खांद्यापर्यंत हात आत घालून रेडकू ओढून काढायची. मग घरी येऊन तोच हात साबणाने तीनदा धुवायची, कोरडा करायची आणि गाण्याची तबकडी फक्त कडांना धरून उचलायची. मला मात्र तिने त्या तबकड्यांना कधी बोट लावू दिलं नाही. माणूस ओळखायची तिला चांगली समज होती.

सोनपेठच्या जनावरांच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली आणि तिने माझी वरची खोली भाड्याने घेतली. तिच्याआधी चार भाडेकरू माझ्या तोंडाला कंटाळून गेले होते. मालक वारले, मुलं पुण्याला गेली. गल्लीत मला उलट बोलणारं कोणी उरलं नव्हतं. मी बरोबर असते म्हणून लोक गप्प बसतात, असा माझा बरीच वर्षं समज होता.

पहिल्याच संध्याकाळी वरून असा आवाज आला की मी हातातली पळी घेऊन जिना चढले. "काय पडलं गं?"

"काय न्हाई पडलं मावशी. गाणं हाय."

"ह्याला गाणं म्हणतेत?"

"पंक म्हणतेत. ह्याच्याहून तापट असलं की हार्डकोर."

"मग तो माणूस ओरडायलाय कशाला?"

"तुमी रोज कशाला ओरडता?"

असं मला सासूनंतर कोणी विचारलं नव्हतं. मी पळी घेऊन खाली आले.

तिच्याकडे असे सात आल्बम होते. आवडीप्रमाणे त्यांची यादी तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. पण ही यादी काही दगडावरची रेघ नव्हती. एखादं वासरू हातात मेलं की पाचवा आल्बम वर सरकायचा. "बाईमाणसाला जमंल का?" असं कोणी गोठ्यात विचारलं की घरी आल्या आल्या दुसरा लागायचा. एक आल्बम तर माझं वरण शिजायच्या आत संपायचा. मी म्हणाले, "हे तर फसवणं झालं." ती म्हणाली, "मावशी, जे दोन मिनिटांत सांगता येत न्हाई, ते मानसाला ठाऊकच नसतंय." आणि वाजवणाऱ्यांना फारसं येत नाही असं मी म्हटलं, तर, "तीनच सूर हायत, पण तिन्ही खरे हायत."

मी चौथी पास. इंग्रजी एक अक्षर कळत नाही. तरी सातही आल्बमांवर मी मतं दिली. तिसऱ्यात एक बाई जिवाच्या आकांताने ओरडायची. मी विचारलं, "हिला कुणी छळलं?" प्रज्ञा म्हणाली, "सगळ्यांनीच." मी म्हणाले, "मग बरोबर ओरडायलीय." तेव्हापासून तो माझा आल्बम.

नंतर माझी अक्कल चालली. चैत्र होता. ती लसीकरणाला खेड्यावर गेलेली आणि कूलरचं पाणी उडून तबकड्यांची वेष्टणं ओली झालेली मी पाहिली. पोरीचं नुकसान व्हायला नको म्हणून सातही तबकड्या बाहेर काढल्या, गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं आणि माझ्या पापडांच्या शेजारी उन्हात पसरल्या. तासाभराने कडा वर आल्या. पापडाच्या कडा वर आल्या की तो वाळला, हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे. मी खूश झाले आणि एकेक उचलून पालथी घातली.

ती आली तेव्हा सात खोलगट ताटल्या झाल्या होत्या. एकीत तर वरण वाढता आलं असतं. तिने एकेक कडांना धरून उचलून पाहिली. मग म्हणाली, "मावशी, तुमाला अक्कल न्हाई." आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस वरून आवाज नाही. मी तळलेले पापड पाठवले, ताट तसंच परत आलं. नवव्या दिवशी शेजारच्या शांताने सांगितलं, "तुमची डॉक्टरीण बाजाराकडं खोली बघून आली म्हणं." त्या दिवशी माझा भात करपला.

मी वर गेले. जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. म्हणाले, "चुकलं माझं. पर तू बी कूलरजवळ ठेवायच्या नव्हत्या. आणि मला सांगायचं तरी, की ह्यांना ऊन चालत न्हाई."

"मावशी, तुमी माफी मागायला आलात का मला शिकवायला?"

"माफी मागायला."

"मग पहिलं तेवढं ठिवा. बाकीचं घिऊन जा खाली."

"चुकलं माझं," मी म्हणाले, आणि मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवलं.

ती म्हणाली, "ती खोली बघितली मी. मालकीण लय गोड बोलती. नको वाटलं."

गाणी तिच्या मोबाइलमध्येही होती, हे मला त्या दिवशी कळलं. "मग तबकड्यांचं एवढं काय?" असं मी विचारलंच. ती म्हणाली, "फोटो भिंतीला हाय म्हणून मानूस घरी हाय असं असतं व्हय?"

मागच्या वर्षी तिची पालमला बदली झाली. एसटीत बसताना ती रडली नाही, मीही नाही. सामान जास्त होतं. आता रविवारी तिचा फोन येतो. तिने यादी पुन्हा बदललेली असते.

"मावशी, पाचवा पहिला केलाय."

"बाईचा पहिला पाहिजे."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्याहून जास्त."

मग आम्ही तासभर भांडतो.

वरच्या खोलीत सध्या एक मास्तर राहतात. सज्जन माणूस. मी काहीही म्हटलं की "अगदी बरोबर, आजी" म्हणतात. त्यांना दिवाळीनंतर खोली सोडायला सांगितलं आहे.