आत्या आणि नागअळी

माझ्या इंझोरीच्या आत्याला येतो तेवढा राग साऱ्या वाशिम जिल्ह्यात कुणाला येत नसेल, आणि तोही तांदळाच्या कणीएवढ्या एका पाखरावर. हे पाखरू संत्र्याच्या कोवळ्या पानावर अंडं घालतं. त्यातली अळी पानाच्या सालीखाली शिरून पोखरत जाते आणि मागे चांदीसारखी नागमोडी रेघ उरते, म्हणून तिला नागअळी म्हणतात. आत्या तिला जे म्हणते ते इथे लिहिता येणार नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही शिरपूरला गेलो, तर आत्या अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडापाशीच अडकली. आत पोह्यांच्या बशा आल्या, मुलगी येऊन बसली, आणि ही बाहेरून ओरडतेय, "पोरगी काही पयून जात नाही! आधी ह्या झाडाले पाहा, पार कोरून टाकलं!" तरीही लग्न जमलं. सासरे मात्र आजही आत्या येणार म्हटलं की झाडाची पानं तपासून ठेवतात.

एकदा आत्याची संत्र्याची बाग पाहायला आलेले कृषी खात्यातले एक साहेब तिला समजावू लागले, "आजी, मोठ्या झाडांना यानं काही होत नाही. दुर्लक्ष करा."

"दुर्लक्ष? तुमच्या घरात घुसून कोणी भिंती कोरल्या तं तुमी चहा पेत बसान काय?"

साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मोठ्या झाडांचं त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण नवरा गेला त्याच वर्षी आत्याने एकटीने साठ नवी कलमं लावली होती, आणि कलमांना ही अळी वाढू देत नाही. आत्या निंबोळीचा अर्क फवारायची, मग एकेका कलमापाशी बसून गुंडाळलेली पानं खुडून बादलीत टाकायची. एवढ्यानं भागायचं नाही. अळ्यांना खडसावायचीही. "लेकराहिचा बाप आत्ताच गेला, अन् तुमी त्याहिलेच खाऊन राह्यल्या? जराशी तं लाज धरा!" दोन कलमं गेली. बाकीची आज माझ्या डोक्याच्याही वर गेली आहेत.

आता आत्याला नीट दिसत नाही. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा तिने एक कोवळी फांदी माझ्यापुढे धरली. "पाय बरं, हाये का?"

पानं रेघांनी भरली होती. तिला त्रास नको म्हणून मी म्हणालो, "नाही आत्या. साफ आहे."

मला वाटलं, खूश होईल. ती बांधावर बसली.

"मंग आता म्या काय करू?" तिने हळूच विचारलं.

मी फांदी पुन्हा उजेडात धरली. "थांब आत्या, एक रेघ दिसतेय."

"कुठं? दाखव मले!" माझ्या खांद्याचा आधार घेत ती ताडकन उठली. तिचा हात फार हलका लागला.