जरा कान लाव

"आक्का, जरा कान लाव," असं म्हणून तो आपला उजवा कान पुढं करायचा. दुकानात, बसस्टॉपवर, समोर कोण भेटेल त्याच्यापुढं.

इथं कर्नाटकाच्या सीमेवर, वडगावात आमच्या घरामागच्या शेडात चार पॉवरलूम आहेत. त्यांवर तो तीस वर्षं आमच्याकडं मजुरीनं साड्या विणत होता आणि मी शेजारी बसून सुताच्या कांड्या भरत होते. मागात इकडून तिकडं धावणारा धोटा सटकायच्या आधीच नुसत्या आवाजावरनं ओळखून माग थांबवायचा, असला कान त्याचा. त्याच कानात पुढं कसलातरी आवाज सुरू झाला, तो थांबेना. कसला, ते मी कधी विचारलं नाही बघा.

गल्लीतले लोक कान लावून सांगायचे, "कन्नड बातम्या लागल्यात, अण्णा."

"मग मराठी लाव की रं," म्हणून तोही हसायचा.

डॉक्टरांनी मागावरचं काम सोडायला सांगितलं, त्यानं सोडलं. तुम्हाला वाटेल, शांत घरात बरं वाटलं असेल. उलटंच झालं. मागांच्या खडखडाटात तो आवाज बुडायचा, घरात नुसता तोच उरला. जेवणावर लक्ष लागेना, झोप गेली. बायको सगळ्यांना सांगू लागली, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग रोज दुपारी येऊन तो आमच्या मागाजवळच्या स्टुलावर गप बसायचा.

अमावस्येला आमच्याकडं माग चालवत नाहीत. त्या दिवशीही तो आला. शेड गप्प.

"कान लाव आक्का. घरात समदी येडा म्हणत्यात. तुला तरी आयकू येतंय काय?"

मला बघवेना. कान लावला आणि म्हणाले, "व्हय रं, येतंय."

त्याचे ताठलेले खांदे सैल पडले. "कसं येतंय गं?"

"भुंग्यागत," माझ्या तोंडातनं निघून गेलं.

त्यानं कान मागं घेतला.

"भुंगा न्हाय आक्का. शिट्टी हाय."

चप्पल घातली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले, स्टूल रिकामंच. चौथ्या दिवशी त्याची बायको विचारत आली, कालधरनं घरात न्हाईत, हितं आल्यात काय. पोलिसांत फोटो दिला, पार निपाणीपर्यंत शोधून झालं. दोन वर्षं होतील आता.

अमावस्येला माग थांबले की मी त्या स्टुलावर जाऊन बसते. कान देऊन बसते.

"न्हाय रं, मला न्हाय येत आयकू," म्हणते. "तूच सांग, कसं येतंय?"